नुसता पडून असलेल्या माणसाला एवढं खाणं कशाला?

पत्र थोडक्यात : एका वाचक भगिनीचा धाकटा भाऊ, वय ३४, अपघातात साधारण ३५ टक्के भाजला आहे. तिसरा आठवडा सुरू आहे. एकदा ग्राफ्टिंग (जखमेवर त्वचा लावणं) झालं, दुसरं व्हायचं आहे. अपघाताआधी त्याचं वजन ६० किलो होतं. सुरुवातीला अंगावर सूज होती. आता दंड आणि मांड्या बघवत नाहीत इतक्या उतरल्या आहेत. आहारतज्ज्ञ म्हणतात, रोज १०० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात गेलीच पाहिजेत. भाऊ चार घास खाऊन तोंड फिरवतो. आयसीयूत नाकातून नळी होती, वॉर्डात आल्यावर काढली. आता डॉक्टर रात्रीपुरती पुन्हा घालू म्हणतात. आईचा त्याला ठाम विरोध आहे : 'तोंडाने खाणाऱ्या मुलाला नळी कशाला? मी भरवते.' एका नातेवाइकाने एवढ्या प्रथिनांनी किडन्या जातील अशी भीती घातली आहे. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी आहे, शुगर वाढली आहे, आणि मधुमेह तर कधीच नव्हता. बहिणीने घाबरून दोन प्रकारच्या प्रोटीन पावडरी आणून ठेवल्यात. ती विचारते : 'दिवसभर नुसता पडून असलेल्या माणसाला एवढं अन्न खरंच लागतं का? आणि लागत असेल, तर रोज भांडून भरवायचं की नळीला हो म्हणायचं?'

ताई,

तुमच्या घरात नळीवरून वाद आहे, किडनीवरून आहे, पावडरीवरूनही आहे. पण एका मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत दिसतं : भाऊ काही करत नाही, पडून आहे, तेव्हा त्याची भूकही बेताचीच असणार. मला आधी या एकमतालाच हात घालायचाय.

उद्या दुपारी तो झोपला असेल तेव्हा त्याच्या मॉनिटरकडे बघा. नाडी बहुतेक शंभरच्या वर दिसेल. अंग गरम लागेल. एवढं भाजलेलं शरीर संसर्ग नसतानाही आपलं तापमान ३८-३८.५ अंश सेल्सिअसपर्यंत चढवून ठेवतं. (त्यातला ताप कोणता आणि ही उष्णता कोणती, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.) झोपेतसुद्धा हृदय धावतंय, श्वास भरभर चाललाय, यकृत रात्रंदिवस राबतंय. साधारण २० टक्क्यांहून जास्त भाजलं की मोठ्या माणसाचं शरीर असं वागायला लागतं. ४० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च नेहमीच्या दुपटीजवळ जाऊ शकतो. तुमचा भाऊ या दोन आकड्यांच्या मधे आहे, आणि वरच्या टोकाकडे जास्त.

हे काल-परवा कळलेलं नाही. डेव्हिड कथबर्टसन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरांनी १९३०च्या दशकात हाडं मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन मोजला (प्रथिनं मोडली की तो लघवीतून जातो). पडून असलेल्या त्या माणसांच्या शरीरातून प्रथिनं भराभर बाहेर जात होती, आणि मोडलेल्या हाडापुरता हिशेब धरला तर ती फारच जास्त होती. म्हणजे इजा एका जागी झाली तरी झीज सगळ्या अंगाची होत होती. १९४२ साली त्यांनी याचे दोन टप्पे मांडले. पहिले एक-दोन दिवस शरीर थंडावतं, सगळं मंदावतं. मग भरती येते, म्हणजे शरीराचा खर्च उसळतो, आणि भाजण्याइतकी मोठी भरती दुसऱ्या कुठल्याच इजेत येत नाही. तुमच्या भावाची सध्या तीच चालू आहे.

भरती आणतात ते संप्रेरक. अ‍ॅड्रेनलिन आणि त्याची भावंडं, कॉर्टिसोल, ग्लुकागॉन. १९७४मध्ये डग्लस विल्मोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की भाजलेल्या माणसाच्या या वाढत्या खर्चामागे अ‍ॅड्रेनलिनच्या गटातल्या संप्रेरकांचा मोठा हात आहे. वाघ मागे लागल्यावर जी संप्रेरकं काही मिनिटं उसळतात, ती इथे आठवडेच्या आठवडे चढलेली राहतात.

आता प्रथिनांकडे येते, कारण तुमच्या भावाचे दंड उतरले ते याच कारणाने.

चरबी ही शरीराची बँकेतली ठेव आहे. अडचण आली की मोडता येते. प्रथिनांची अशी ठेव नसते. शरीरातलं प्रत्येक प्रथिन कुठे ना कुठे कामाला लागलेलं असतं : स्नायूत, यकृतात, आतड्याच्या अस्तरात, संसर्गाशी लढणाऱ्या पेशींत. त्यामुळे जखमेला प्रथिनं हवी झाली आणि ती बाहेरून पुरेशी आली नाहीत, तर शरीराला राहत्या घराच्या विटा काढाव्या लागतात. सगळ्यात जास्त विटा स्नायूंत आहेत, म्हणून पहिला हात तिथे पडतो. स्नायूतून सुटलेली अमायनो आम्लं रक्तातून यकृताकडे जातात. यकृत त्यातली काही वापरून ग्लुकोज बनवतं, कारण भरून येणाऱ्या जखमेला मुख्यतः ग्लुकोजच लागतं. काहींपासून ते संसर्गाच्या काळात लागणारी खास प्रथिनं तयार करतं. उरलेला नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीतून जातो. शिवाय एक गळती अशी आहे जी तुम्ही रोज डोळ्यांनी बघता पण मोजत नाही. ड्रेसिंग बदलताना ते ओलं, पिवळसर, जड झालेलं गॉज निघतं ना? त्या पाण्यात प्रथिनं असतात, आणि तांबं, जस्त, सेलेनियमही.

एक हिशेब सांगते. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे ६.२५ ग्रॅम प्रथिनं. मोठ्या भाजण्यात दिवसाला २० ग्रॅम नायट्रोजन जाऊ शकतो, म्हणजे १२५ ग्रॅम प्रथिनं. स्नायूचा पाचवा हिस्साच प्रथिनांचा असतो, बाकी बहुतेक पाणी. तेव्हा खाण्यातून काहीच आलं नाही, तर एका दिवसात अर्धा किलोहून जास्त स्नायू जाण्याची ही गोष्ट आहे. तीन आठवड्यांत दंड उतरले यात नवल नाही. त्यात भरवणाऱ्याचा आळस नाही की खाणाऱ्याचा हट्ट नाही.

आणि स्नायू गेला म्हणजे नुसतं दिसणं गेलं असं नाही. चरबी वगळून शरीराचं जे वजन असतं त्यातलं १० टक्के गेलं की संसर्गाशी लढण्याची ताकद कमी होते. २० टक्क्यांच्या आसपास जखमा भरणं रेंगाळतं, ग्राफ्ट धरायला त्रास होतो. त्यापुढे उठून बसणं, जोराने खोकणं अवघड होतं. श्वासाचे स्नायूही स्नायूच आहेत. म्हणून डॉक्टर खाण्याच्या मागे लागतात. त्यांना त्याचं वजन वाढवून त्याला गुटगुटीत करायचं नाहीये.

आता तो १०० ग्रॅमचा आकडा. निरोगी मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे ६० किलोला ४८ ग्रॅम. गंभीर भाजलेल्या मोठ्या माणसासाठी सर्वसाधारण शिफारस दर किलोला १.५ ते २ ग्रॅम अशी आहे. ६० किलोला ९० ते १२०. तुमच्या आहारतज्ज्ञांनी अगदी मधला, शहाणा आकडा धरलाय. हे वजन अपघाताआधीचं धरतात, सुजेचं नाही आणि आजचं उतरलेलंही नाही.

पण १०० ग्रॅम प्रथिनं ताटात कशी दिसतात? एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सोळा अंडी. किंवा तीन लिटर दूध. दोन्ही हातांना बँडेज, वेदनाशामकांमुळे पोट जड, बद्धकोष्ठ, ड्रेसिंगच्या धास्तीने सकाळ गेलेली. अशा माणसाने हे तोंडाने संपवायचं, आणि वर उरलेल्या कॅलरी वेगळ्याच. ताई, मी धडधाकट आहे आणि मला जमणार नाही. तो तोंड फिरवतो त्याला हट्ट म्हणू नका. आकडा खरा आहे आणि त्याची असमर्थताही खरी आहे. दोन्ही खऱ्या गोष्टी एकत्र धरल्या की नळीचा विषय आपोआप पुढे येतो.

त्याआधी एक कडू गोष्ट सांगायला हवी. ती न सांगता नळीला हो म्हटलंत, तर पंधरा दिवसांनी तुम्ही निराश व्हाल. पुरेसं खाणं गेलं तरी या काळात स्नायू झिजणं पूर्ण थांबत नाही. प्रथिनं तयार होण्याचा वेग वाढतो, पण मोडण्याचा वेग त्याहून वाढलेला असतो. खाण्याने हे अंतर कमी होतं, मिटत नाही. भरती ओसरेपर्यंत ते मिटवणं कुणाच्या हातात नसतं. म्हणून नळी घातल्यावर आठवडाभरात दंड भरलेले दिसले नाहीत तर नळी फुकट गेली असं समजू नका.

यातूनच दुसरी गोष्ट निघते : कमी पडतंय म्हणून दुप्पट ओतू नका. अतिदक्षता विभागातल्या सुमारे १,३०० रुग्णांवरची एक मोठी चाचणी २०२३मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात काहींना दर किलोला २.२ ग्रॅम किंवा जास्त प्रथिनं द्यायचं ठरलं, काहींना १.२ किंवा कमी. जास्तवाल्यांना लवकर घरी जाता आलं नाही, आणि ज्यांच्या किडन्यांना आधीच अचानक इजा झाली होती त्यांचं तर जास्त प्रथिनांनी नुकसान झाल्याचं दिसलं. ती चाचणी खास भाजलेल्यांवर नव्हती, त्यामुळे तुमच्या भावाचा आकडा त्यावरून खाली आणायचं कारण नाही. पण घरून आणलेल्या पावडरी गुपचूप वर घालण्याआधी थांबायला ती पुरेशी आहे.

कॅलरींचंही तसंच. भाजलेल्यांच्या कॅलरी काढायच्या १९७४च्या करेरी सूत्राने तुमच्या भावाला दिवसाला २,९०० किलोकॅलरी येतात (६० किलोला प्रत्येकी २५, अधिक ३५ टक्क्यांना प्रत्येकी ४०). धडधाकट असताना नुसतं पडून राहायला त्याला १,५००च्या आसपास लागल्या असत्या. पुढे लक्षात आलं की त्या सूत्राने बऱ्याच रुग्णांना गरजेपेक्षा जास्त भरवलं जातं, आणि जास्तीचं अन्न स्नायूत जात नाही. ते यकृतात चरबी होऊन बसतं, शुगर चढवतं, फुप्फुसांवर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याचा बोजा घालतं. सोय असेल तिथे श्वासातल्या वायूंवरून खर्च थेट मोजतात, नसेल तिथे नवी सूत्रं वापरतात आणि दर आठवड्याला आकडा बदलतात. तुमच्या आहारतज्ज्ञांनी मागच्या आठवड्यात वेगळा आकडा सांगितला असेल तर ते गोंधळलेले नाहीत; जखम झाकली जातेय तसा खर्चही बदलतोय.

किडनीचं बोलू. भावाचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) नीट असेल, लघवी पुरेशी होत असेल, तर दर किलोला दीड-दोन ग्रॅमने निरोगी किडनी बिघडत नाही. प्रथिनं वाढली की रक्तातला युरिया थोडा चढतो, त्याबरोबर पाणी कमी पडलं तर जास्तच चढतो. म्हणून हे आकडे तपासत राहतात आणि पाण्याचाही हिशेब ठेवतात. किडनीला आधीपासून आजार असेल, किंवा या दुखण्यात तिला इजा झाली असेल, तर गणित वेगळं आणि ते किडनीच्या डॉक्टरांबरोबर बसूनच करायचं. तुमच्या नातेवाइकांना एवढं सांगा आणि विषय मिटवा. त्यांच्याशी वाद घालण्यात तुमची ताकद जाऊ देऊ नका, ती बरीच लागणार आहे.

शुगरचं आईला समजावणं सगळ्यात कठीण जाईल असं मला वाटतं. मधुमेह नसलेल्या माणसाला इन्सुलिन चालू, आणि नळीतून जाणाऱ्या अन्नात मात्र पिष्टमय पदार्थ भरपूर! ही विसंगती नाही. वर सांगितलेली संप्रेरकंच शुगर चढवतात आणि इन्सुलिनचा असर बोथट करतात. अशा वेळी शुगर कमी करायला पिष्टमय पदार्थ तोडले, तर शरीर पुन्हा स्नायूंतूनच ग्लुकोज काढेल. म्हणून गंभीर भाजलेल्याच्या आहारात ऊर्जेचा मोठा वाटा पिष्टमय पदार्थांचा ठेवतात, फॅट मर्यादेत ठेवतात (एकूण ऊर्जेच्या ३५ टक्क्यांच्या आत), आणि शुगर इन्सुलिनने सांभाळतात. इन्सुलिनचा आणखी एक फायदा म्हणजे ते स्नायूची झीज थोडी रोखतं. बहुतेकांची शुगर पुढे आपोआप खाली येते. घरी गेल्यावर एकदा नीट तपासून घ्या, म्हणजे मनात किंतु राहणार नाही. आधीपासून मधुमेह असलेल्यांनी मात्र हा परिच्छेद आपल्यासाठी नाही असं समजून थेट डॉक्टरांशी बोलावं.

अल्ब्युमिन. रोज रिपोर्ट आला की तुम्ही आधी तो आकडा शोधता, असं तुम्ही लिहिलंय. सध्या शोधू नका. एवढ्या मोठ्या इजेत रक्तवाहिन्यांमधून अल्ब्युमिन बाहेर पाझरतं, जखमेतून जातं, आणि यकृत ते बनवणं बाजूला ठेवून सीआरपीसारखी संसर्गाच्या काळातली प्रथिनं बनवायला घेतं. त्यामुळे उत्तम जेवणाऱ्या रुग्णाचंही ते कमी येतं. कितीही अंडी भरवलीत तरी या आठवड्यात ते हलणार नाही. वजनाचा काटाही सुरुवातीला फसवतो. भाजलेल्याला किती सलाईन द्यायचं ते सांगणाऱ्या पार्कलँड सूत्राने भावाला पहिल्या २४ तासांतच आठ लिटरच्या घरात सलाईन गेलं असण्याची शक्यता आहे (चार मिली, गुणिले ६० किलो, गुणिले ३५). काही ठिकाणी याहून कमी देतात, तरीही काही लिटर असतंच. त्या पाण्याने वाढलेलं वजन पुढे उतरतं. तेव्हा पहिल्या आठवड्यातलं वजन आणि आजचं वजन यांची वजाबाकी करून 'एवढा झडला' असा हिशेब मांडू नका. बघायचं तर हे बघा : ठरलेल्यातलं रोज किती गेलं, ग्राफ्ट धरतोय का, फिजिओथेरपीत काल जे जमलं ते आज जमतंय का, आणि ड्रेसिंगचं वजन न धरता आठवड्याला एकदा केलेलं वजन.

आता नळी. माझं मत सरळ सांगते : हो म्हणा.

आईच्या मनात नळी म्हणजे हार आहे. मुलगा खाऊ शकत नाही, आणि आपण भरवू शकत नाही, याची कबुली. तिला सांगा की रात्रीची नळी तोंडाचं खाणं बंद करायला नसते. रात्रभर पंपाने हळूहळू ठरलेल्यातला मोठा वाटा जातो, म्हणजे दिवसा त्याने जे खाल्लं ते वर. मग सकाळी त्याने अर्धं अंडं ठेवलं म्हणून कुणाच्या डोळ्यांत पाणी यायचं कारण उरत नाही. आईने भरवावंच, पण त्याला जे आणि जेवढं हवंसं वाटेल तेवढंच. आज एकाच घासात औषध, माया आणि १०० ग्रॅमचं टार्गेट कोंबलं जातंय, आणि तो बिचारा तीनही गोष्टींना एकदम नाही म्हणतोय.

नसेतून का देत नाहीत, असंही आईने विचारलंय. आतडं चालू असेल तर आतड्याचाच रस्ता चांगला. अन्न त्यातून जात राहिलं की त्याचं अस्तर शाबूत राहतं; नसेतल्या पोषणात संसर्गाचा धोका जास्त. म्हणूनच गंभीर भाजलेल्यांना पहिल्या १२ ते २४ तासांतच नळीने अन्न सुरू करायची शिफारस असते. तुमच्या भावाला आयसीयूत नळी होती ती याचसाठी.

नळीचा त्रास नाही असं नाही. घालताना ओकारी येते, नाकात टोचत राहतं, काहींना जुलाब होतात. ते झाल्यास वेग कमी करून, अन्नाचा प्रकार बदलून बहुतेक वेळा सावरता येतं, नळी काढावी लागत नाही. आणि तो शुद्धीत आहे, चौतीस वर्षांचा आहे. हा निर्णय तुम्ही आणि आई मिळून घेताय, पण त्याला कुणी विचारलंय का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. त्याला हिशेब सांगा, सोळा अंड्यांचा सांगा. बरेच रुग्ण आकडा कळल्यावर स्वतःच म्हणतात, घाला रात्री नळी, पण दिवसा माझ्या मागे लागू नका. तो नाहीच म्हणाला, तर तीन दिवसांची मुदत ठरवा : तोंडाने जे जातंय ते लिहून काढायचं, आणि ठरलेल्याच्या तीन चतुर्थांशांपर्यंत पोहोचलं नाही तर पुन्हा बोलायचं. (तीन चतुर्थांश हा माझा व्यवहारी अंदाज आहे, तुमच्या आहारतज्ज्ञांचा वेगळा असेल तर तो धरा.)

उपाशी राहण्याच्या तासांवर मात्र बारीक लक्ष ठेवा, इथे नातेवाईक खरोखर उपयोगी पडतात. ग्राफ्टिंग, मोठं ड्रेसिंग, कुठलीही भूल म्हटली की आधी उपास. ऑपरेशन सकाळचं दुपारवर ढकललं गेलं, दुपारचं दुसऱ्या दिवसावर, की माणूस नकळत दीड दिवस उपाशी राहतो; महिन्यात असं चार-पाचदा झालं की मोठी तूट साचते. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा : नळी नेमकी किती तास आधी बंद करायची, ऑपरेशन पुढे गेलं तर लगेच चालू करायची का, आणि बुडालेलं अन्न नंतर कसं भरून काढायचं. उपासाचे तास स्वतःच्या मनाने मात्र एका मिनिटानेही कमी करू नका, भुलेत पोटातलं अन्न फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

तोंडाच्या खाण्याबद्दल थोडंच. ड्रेसिंगनंतर लगेच ताट पुढे करू नका. वेदनाशामकाचा असर चांगला असतो तो तास हेरा. प्रथिनांचे पदार्थ आधी, पातळ-पाणचट नंतर. साधं पाणी आणि चहा पोट भरवतात, त्याऐवजी दूध किंवा दुधात कालवलेलं काही चांगलं. दूध, दही, पनीर, अंडी, मासे, चिकन, डाळी, सोया, त्याला चालतं ते. फक्त शाकाहारी असेल तरी आकडा गाठता येतो, पण डाळी पोट लवकर भरतात, म्हणून दूध-दही-सोयाचा वाटा मोठा ठेवावा लागतो. बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष करू नका. भूक मेली असं वाटतं आणि खरं कारण पोट साफ नसणं हे असतं.

पावडरींचे डबे आहारतज्ज्ञांच्या पुढ्यात ठेवा. त्यातली एखादी ठरलेल्या आकड्यात बसत असेल तर वापरतील, नसेल तर नको. डब्यावर मोठ्या अक्षरात ग्लुटामिन (एक अमायनो आम्ल) लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजले असतील तर वाईट वाटेल, पण २०२२मध्ये सुमारे बाराशे गंभीर भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत ग्लुटामिनने रुग्ण लवकर घरी गेले नाहीत. त्याआधी बरीच वर्षं ते आवर्जून सुचवलं जायचं. जस्त, तांबं, सेलेनियम, क जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व यांची गरज वाढते हे खरं, पण ती किती आणि कशी द्यायची हे वॉर्डात ठरतं. जस्त फार झालं तर तांबं कमी पडतं, असले गुंते त्यात आहेत.

शरीराचा हा खर्च कमी करायचा सगळ्यात मोठा उपाय स्वयंपाकघरात नाही. जखम लवकर झाकणं, म्हणजे मेलेली त्वचा काढून ग्राफ्ट लावणं, हा तो उपाय. दुसरं ग्राफ्टिंग लांबवू नका असं डॉक्टर म्हणतात त्याचं हे एक कारण. दुसरा उपाय, संसर्ग लवकर ओळखणं. तिसरं, वेदना आणि भीती आटोक्यात ठेवणं. चौथं खोलीचं तापमान. त्वचा गेली की अंगातली उष्णता आणि पाणी उडून जातं, म्हणून अशा रुग्णांची खोली २८ ते ३२ अंशांच्या दरम्यान ठेवतात. तुम्हाला घाम फुटतो म्हणून पंखा लावायला सांगू नका. काही केंद्रांत प्रोप्रॅनोलॉलसारखी, अ‍ॅड्रेनलिनचा असर कमी करणारी औषधंही देतात. २००१ साली भाजलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासात त्याने नाडी आणि स्नायूंची झीज दोन्ही कमी झालेली दिसली. तुमच्या भावाला ते योग्य की नाही, हे त्याचे डॉक्टर सांगतील.

आणि फिजिओथेरपी. नुसत्या खाण्याने स्नायू बांधला जात नाही, त्याला व्यायामाचा ताण लागतो. दुखतं म्हणून फिजिओथेरपिस्टना दारातून परत पाठवू नका. वेदनाशामकाची वेळ आणि व्यायामाची वेळ जुळवून मागा.

हे पत्र इतर घरांतही वाचलं जाईल म्हणून दोन गोष्टी. हातावर वाफ आली, तळव्याएवढं भाजलं, अशा लहान इजेला यातलं काही लागत नाही. नेहमीचं चौरस जेवण पुरतं. उलट लहान मुलं आणि वयस्कर माणसं यांचं कमी टक्के भाजणंही गांभीर्याने घ्यावं लागतं. म्हाताऱ्या माणसाकडे स्नायूंचा साठा आधीच कमी असतो. मुलांची प्रथिनांची गरज दर किलोमागे मोठ्यांहून अधिक असू शकते, आणि मोठ्या भाजण्यानंतर त्यांची उंचीची वाढ वर्ष-दोन वर्षं मंदावते. त्यांना मोठ्यांचे आकडे लावू नयेत. जाड माणूस भाजला की 'बरंच झालं, थोडा उतरेल' असं कुणीतरी हमखास म्हणतं. उतरतो तो मुख्यतः स्नायू, नुसती चरबी नाही.

शेवटी घरी गेल्यानंतरचं, कारण लोक तिथेच सैल सोडतात. जखमा बंद झाल्या म्हणून भरती लगेच ओसरत नाही. मोठ्या भाजण्यात चयापचयातले हे बदल वर्षभर, कधी दोन-तीन वर्षंही रेंगाळलेले आढळले आहेत. डिस्चार्जच्या दिवशी औषधांच्या चिठ्ठीबरोबर खाण्याचा कागदही मागून घ्या : दिवसाला किती ग्रॅम प्रथिनं, किती कॅलरी, कधीपर्यंत, आणि पुढची भेट कधी. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. सलग दोन आठवडे वजन उतरलं, तीन दिवस ताट अर्धं परत आलं, किंवा भरलेली जखम पुन्हा ओली दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.